संत्र्याची साल आणि गार पाणी

"ही संत्र्याची साल कोणाची?" निबियाने विचारलं, तेव्हा उलिसेस बेन्तांकोर पावाला लोणी लावत होता.

"कुठली साल?"

"तुझ्या गाण्यातली. उगाच भोळा सांब होऊ नकोस. सगळं पायसांदू गाव विचारतंय."

उलिसेस दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि संध्याकाळी मित्राच्या स्वयंपाकघरात स्वखर्चाने उदास गाणी ध्वनिमुद्रित करायचा. पहिली बारा गाणी तो स्वतः, निबिया आणि मित्राचा कुत्रा एवढ्यांनीच ऐकली, त्यातला कुत्रा मध्येच उठून गेला. तेरावं मात्र गावच्या रेडिओवर लागलं आणि घराघरात पोचलं.

"पाणी गार झालं गं, माझ्या हाती येईतो,
तळाशी संत्र्याची साल, वरती तुझं मौन,
बारा वर्षांचे रविवार, तरी 'धन्यवाद' ओठी येईना..."

गाणं लागून संपलं असतं तर ठीक होतं. पण रेडिओवर रुलो अरोस्पिदे होता. या गृहस्थाने जन्मात एक ओळ लिहिली नव्हती, पण दुसऱ्यांच्या ओळींचे अर्थ काढण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. त्याने सकाळीच उलगडा केला होता, तोही यर्बाच्या भाषेत. यर्बा म्हणजे तिकडचा कडू पाल्याचा चहा: पोकळ भोपळ्यात पाला भरायचा, वर गरम पाणी ओतायचं, नळीने ओढायचं आणि भोपळा ओतणाऱ्याच्या हाती परत द्यायचा.

"श्रोतेहो, आपल्या आज्या यर्बा पाजतानाच मनातलं बोलायच्या, आठवतं ना? गार पाण्याची यर्बा म्हणजे 'मला तुझा तिटकारा आहे.' संत्र्याची साल म्हणजे 'ये, मला घेऊन जा.' म्हणजे ही बाई एकाच घोटात त्याला झिडकारतेय आणि बोलावतेय! आणि भोपळा परत देताना 'धन्यवाद' म्हटलं की 'पुरे, आता ओतू नका.' या वेड्याला बारा वर्षांत तेवढं म्हणवत नाहीये!"

निबियाचा हिशेब सरळ होता. "बारा वर्षं म्हणजे आपल्या लग्नाइतकी जुनी आहे ती. आणि रविवारी तर आपण आईकडे असतो! जेवण झालं की 'पाय मोकळे करून येतो' म्हणतोस, तेव्हा गाठतोस ना तिला?"

उलिसेसच्या घशात पाव अडकला. खरं सांगायचं तर ती बाई निबियाची आईच होती.

सासूबाई दोन्या एलिदा दर रविवारी जावयाला अंगणात बसवून यर्बा पाजायच्या. निबियाने पित्तामुळे यर्बा कधीच सोडली होती, ती आत भांडी आवरायची. दोन्या एलिदा पहिले दोन भोपळे स्वतः वाफाळते प्यायच्या, मग थर्मासचं झाकण उघडं टाकून शेजारणींच्या कागाळ्या सांगत बसायच्या आणि अर्ध्या तासाने जावयाला ओतायच्या. बिचारी विसरते, वय झालं, असं समजून तो ते गारढोण कडू पाणी मुकाट्याने ओढायचा आणि मग तोंडाची चव घालवायला पाय मोकळे करून यायचा. एकाच घोटावर 'धन्यवाद' म्हटलं तर सासूचा अपमान. त्याचं सगळं दुःख एवढंच होतं, आणि तेच त्याने गाण्यात ओतलं होतं. पण 'माझं प्रेमगीत तुझ्या आईवर आहे' हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्याने दुकानातून रेडिओला फोन लावला. "रुलो, त्या गाण्याला काही अर्थ नाहीये हो. पाणी नुसतं गार होतं."

"श्रोतेहो, ऐकलंत?" रुलो माइकवर उसासला. "नाव सांगत नाही! तिची अब्रू जपतोय! अहो बेन्तांकोर, कवीला स्वतःचा अर्थ कधी कळतो का?"

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. दुपारी चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या बाईने अक्षरं वाचायची सोडून त्याचा हात दाबला. "धीर सोडू नका," ती म्हणाली. संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा निबियाची बॅग नव्हती आणि टेबलावर चिठ्ठी होती: "आईकडे आहे. नाव सांगायचं असेल तरच ये."

तीन दिवस उलिसेसने थंड घरात काढले. निबियाशिवाय त्याला खरोखरच करमत नव्हतं. शेवटी रविवारी त्याने गावातला सगळ्यात महागडा थर्मास घेतला, काखेत मारला आणि सासूचं दार वाजवलं. अंगणात निबिया हाताची घडी घालून बसली होती. दोन्या एलिदा यर्बा भरत होत्या.

"नाव?" निबिया म्हणाली.

"एलिदा," उलिसेसने डोळे मिटून सांगून टाकलं. "तुझी आई. यर्बा त्या पाजतात. त्यांच्या थर्मासमध्ये पाणी गरम राहत नाही गं, मला वाईट वाटायचं, म्हणून लिहिलं. हा घ्या दोन्या एलिदा, नवीन आणलाय."

दोन्या एलिदांनी नव्या थर्मासकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"माझ्या थर्मासला काय धाड भरलीय? झाकण काय आपोआप उघडं राहतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! लेकीने गिटारवाला आणला, तेव्हापासून दर रविवारी सांगतेय तुला, तू मला पसंत नाहीस. बारा वर्षं! तो रेडिओवरचा टोणगासुद्धा एका सकाळीत समजला."

"आई!" निबिया किंचाळली.

"आणि संत्र्याची साल?" उलिसेसने क्षीण आवाजात विचारलं.

"ती पचनाला. मांस काय कमी हादडतोस?"

निबियाला आधी राग आला, मग हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना. हसता हसता तिने नवऱ्याचा हात धरला. "ऊठ वेड्या, घरी जाऊ."

"थांब," दोन्या एलिदा म्हणाल्या. "दुसरा कोणी असता तर पहिल्याच घोटाला 'धन्यवाद' म्हणून पळाला असता. हा बसला. तेवढं मात्र मानलं पाहिजे."

त्या आत गेल्या, पाणी तापवून आणलं, नवा थर्मास भरला आणि पहिला भोपळा जावयाच्या हातात दिला. त्यातून वाफ येत होती. उलिसेसने घोट घेतला. जीभ पोळली, डोळे भरून आले. बारा वर्षांत पहिल्यांदाच सासूने त्याला जावई मानलं होतं. भोपळा परत देताना मनातलं तोंडातून निघून गेलं.

"धन्यवाद, दोन्या एलिदा!"

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांनी भोपळा बाजूला ठेवला आणि या वेळी थर्मासचं झाकण घट्ट लावलं.