लेलेमास्तरांचा मातृद्रव

आमचे शेजारी लेलेमास्तर घराबाहेर पडताना एका बरणीचा निरोप घेत असत. देवाचा नव्हे, माणसाचा नव्हे. पडवीच्या कोपऱ्यातल्या, झाकण लावून तोंडाला फडके बांधलेल्या चिनी मातीच्या बरणीचा. "येतो गं," असे तिला सांगून मगच ते छत्री उचलीत. हे मी ऐकीव लिहीत नाही. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्यांचा एक गडगा काय तो आहे, आणि वकिली सोडली असली तरी माझे कान शाबूत आहेत.

बरणीत पाणी होते. कढत पाण्यात विरघळेल तितकी तुरटी विरघळवावी आणि पाणी निवू द्यावे, म्हणजे त्यात खडे धरतात. ते काढून घेतल्यावर जे पाणी राहते, त्याला रसायनशास्त्रात 'मातृद्रव' अशी संज्ञा आहे. मास्तर हायस्कुलात रसायन शिकवीत. स्वतः निवृत्त झाले, पण ही संज्ञा त्यांनी निवृत्त होऊ दिली नाही. "उरलेलं पाणी ओतून टाका की," असे कोणी म्हटले की उत्तर ठरलेले: "उरलेलं नव्हे हो, मागे राहिलेलं."

या पाण्याने माझी ओटी ओस पाडली. अण्णा सोहनी, निवृत्त शिरस्तेदार, माझे बुद्धिबळातील प्रतिपक्षी. वर्षानुवर्षे दिवेलागणीला ते माझ्याकडे येत. गेल्या दिवाळीपासून ते गडग्यापलीकडे बसू लागले. मी पट मांडून वाट पाहावी आणि पलीकडून हशा ऐकू यावा, हा उपद्रव दिवाणी की फौजदारी, एवढेच मला ठरवायचे राहिले होते.

"तुमच्याकडे हरलो तरी कलमं ऐकायची नि जिंकलो तरी कलमंच," अण्णांनी तोंडावर सांगितले. "मास्तर नवल सांगतात हो!"

नवल म्हणजे त्या संज्ञेची कुळकथा. मास्तरांच्या मते शब्द मूळचा पंडितांचा नव्हेच. विलायतेत खारे पाणी आटवून मीठ काढणाऱ्यांची समजूत, की मीठ त्या पाण्याच्या पोटी जन्मते. म्हणून ते त्याला आई म्हणत. किमयागारांनी शब्द उचलला, रसायनवाल्यांनी ठेवून घेतला, आणि आपल्याकडे कोणी तरी त्याला संस्कृत नेसवले.

मी गावच्या साप्ताहिकाच्या संपादकांस लागोपाठ पत्रे धाडली. सदर व्युत्पत्तीस लेखी आधार काय? मूल काढून घेतल्यावर जी मागे राहते ती आई, ही व्याख्या कोणत्या कायद्यात बसते? छापून आले ते एकच पत्र, तेही निम्मे कापून. मास्तरांनी ते पडवीत मोठ्याने वाचले आणि गडग्यापाशी येऊन म्हणाले, "वकीलसाहेब, प्रश्न नामी काढलात! आधार मजजवळ नाही. पण शब्द खोटा वाटत नाही, बघा."

अशा माणसाशी भांडावे कसे? अण्णा तर मांडीवर थाप मारून हसत होते.

पुढे कैऱ्या उतरल्या. घरोघर लोणच्याच्या बरण्या घासून उन्हात पालथ्या पडल्या. विधुर मास्तरांना लोणचे आमच्याच घरून जाते. यंदा आमच्या सौभाग्यवतींच्या मनात आले, त्यांच्याच बरणीत भरून द्यावे. मास्तर बाजारात गेलेले. तिने बरणी आणली, आतले पाणी अळवात ओतले, राखेने घासून बरणी अंगणात गडग्यालगत पालथी घातली.

ते पाहून माझ्या मनात प्रथम बचाव तयार झाला: हेतू सद्भावनेचा, नुकसानीची किंमत शून्य. दुसरा विचार अण्णांचा आला. आता तिकडे काय ऐकायला जातील?

मास्तर आले ते अण्णांबरोबरच. कोपरा रिकामा पाहून गडग्याशी आले आणि पालथ्या बरणीकडे पाहत राहिले.

सौ. राखेचे हात पदराला पुसत पुढे आली. "भावोजी, मला वाटलं... उरलेलं पाणी..."

मास्तरांनी तिला दुरुस्त केले नाही.

"त्यातली तुरटी आमच्या हिनंच ढवळली होती," ते म्हणाले. "मला शाळेत खडे दाखवायचे होते. ते वाटून घरी आलो, तर ही तापानं पडलेली. उठलीच नाही मग." त्यांनी गडग्यावरून वाकून बरणीवर हात फिरवला. "भरा तुम्ही, वहिनी. तिचीच बरणी आहे. बरणीला लोणच्याचीच सवय."

 

दुसऱ्या दिवशी मास्तर बाहेर पडायला निघाले आणि सवयीने कोपऱ्याकडे वळले. सारवलेल्या जमिनीवर बरणीचा गोल वण तेवढा होता.  छत्रीकडे नेलेला हात त्यांनी मागे घेतला.

"मास्तर!" मी ओटीवरून ओरडलो. आवाज नोटीस बजावल्यासारखाच निघाला. "माणसानं येतो म्हणून सांगून जावं! आम्ही बसलोय इथं."

ते दचकून वळले. "येतो हं, वकीलसाहेब."

दिवेलागणीला मी पट उचलून त्यांच्या पडवीत नेला. अण्णा डोळे वासून पाहू लागले.

"जागेबाबतची हरकत मी मागे घेतली आहे," मी प्यादी मांडीत म्हणालो. "व्युत्पत्तीबाबतची नाही."