मोतीरामचा महाप्रसाद

मोतीराम पायी चालताना हेल्मेट घालतो. त्याच्याकडे मोटारसायकल नाही, सायकलही नाही. तरी कोरचीच्या बाजारात तो डोक्यावर काळं हेल्मेट, काच खाली, काखेत पिशवी अशा अवतारात वांगी निवडत असतो. लोकांनी ओळखू नये म्हणून. आता हेल्मेट घालून वांगी निवडणारा माणूस अख्ख्या बाजारात एकच असल्यामुळे लोक त्याला लांबूनच ओळखतात आणि विचारतात, "काय मोतीराम, घरी कोण हाये?"

तो काच वर करत नाही. "हे कापतील," एवढंच आतून ऐकू येतं.

टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात त्यानं दोन वर्षं काढली. तेव्हापासून, जे नको तेवढं लांबतं ते शेवटी कोणीतरी कापून टाकणार, यावर त्याची श्रद्धा आहे. सरपंचांचं भाषण लांबलं की "हे कापतील". मी त्याच्या कोंबड्यांना लस टोचताना रोगाची माहिती सांगू लागलो की "हे कापतील". एकदा तेराव्याला एक पाहुणे मयताचे गुण सांगता सांगता त्यांच्या बैलांच्या गुणांवर गेले, तेव्हाही तो माझ्या कानात हेच पुटपुटला, आणि हसलो मी. त्या घरची माणसं अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्याच्याशी बोलतात.

मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. डॉक्टर नाही, पण गाव डाक्टरच म्हणतं. तीन वर्षांसाठी आलो होतो, अकरावं चालू आहे. बदलीचा अर्ज लिहायचाही आता कंटाळा येतो. माझी खोली मोतीरामच्या अंगणाला लागून आहे. मध्ये बांबूचं कुंपण, आणि त्यातून सगळं ऐकू येतं.

मोतीराम आधी झाडीपट्टीच्या नाटकांत बायकांची कामं करायचा. लुगडं नेसून तो स्टेजवर आला की बाया पदर तोंडात धरून हसायच्या. लुगडं उतरवल्यावरही त्याची चाल तीच राहायची आणि ती त्यानं कधी लपवली नाही. त्याचं मन बाईमाणसात गुंतणारं नाही, हे गावाला ठाऊक होतं. तलावावर मासे धरणारे बुधाजी त्याच्याच घरी राहतात, हेही ठाऊक होतं. बुधाजी दिवसाला मोजके शब्द वापरतात, त्यातले निम्मे माशांसाठी.

गावानं तोंड वाजवलं नाही, कारण दोघं महाप्रसाद होते. छत्तीसगडला लागून असलेल्या आमच्या या पट्ट्यात ही जुनी रीत आहे. दोन माणसं देवासमोर, गावासमोर एकमेकांना प्रसाद भरवतात आणि जन्माचे सोबती होतात. मग एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती 'महाप्रसाद' अशीच. त्या एका शब्दाखाली दोघांचा संसार वीस वर्षं सुखानं चालला.

मग टीव्ही आला. पहिल्याच भागात निवेदकानं विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मोतीराम सरळ मनानं म्हणाला, "मी अन् महाप्रसाद."

प्रेक्षक हसून कोसळले. त्यांना वाटलं, हा घरी रोज बुंदी खातो. पुढच्या आठवड्यापासून ते लिहूनच येऊ लागलं. महाप्रसाद गोड की तिखट? रोज मिळतो का? लुगड्यातला मोतीराम लाजायचा, डोळे मिचकावायचा. काम होतं ते त्याचं, आणि तो ते फार छान करायचा. मीही हसलो. बुधाजी माझ्याच खोलीत, माझ्याच टीव्हीसमोर गुडघे धरून बसलेत हे दिसत असताना हसलो. त्याची मला अजून लाज वाटते.

कार्यक्रम संपला, मोतीराम परतला. पिशवी ठेवून थेट तलावावर गेला आणि नेहमीसारखी हाक मारली, "महाप्रसाद, चला घरी." जाळी धूत बसलेली माणसं पोट धरून हसली. बुधाजींनी मान वर केली नाही. त्या दिवसापासून ते त्या हाकेला ओ देत नाहीत.

भांडण झालं नाही. एकाच चुलीवर भात शिजत राहिला. पण नाव घ्यावं तर रीत मोडते आणि हाक मारावी तर सगळा महाराष्ट्र हसतो. एवढ्या बोलक्या माणसापाशी घरच्या माणसाला बोलवायला शब्द उरला नाही.

मग माझी नेमणूक झाली. "डाक्टर, तिकडं सांगा जी, भात झाला." बुधाजी दहा पावलांवर. मी कुंपणावरून सांगायचो. "डाक्टर, तेइले विचारा, डोस्कं काऊन दुखून राह्यलं." मी विचारायचो. वर्षभर मी ही हमाली केली. जनावरं बरी, ती निदान स्वतः हंबरतात.

गेल्या महिन्यात मी लस घेऊन त्याच्या अंगणात होतो. बुधाजी पेरूखाली जाळं विणत होते. मोतीरामचा फोन वाजला. टीव्हीवाल्या बाई होत्या. या फोनची त्यानं किती वाट पाहिली होती ते मला माहीत होतं. रोज अंघोळीलाही तो फोन सोबत नेत होता. हात पिठाचे म्हणून त्यानं स्पीकर लावला.

"मोतीराम, खास भाग करतोय आपण. तुम्ही हवेतच. आणि यावेळी महाप्रसादलाही आणा ना. त्यांनी फक्त बसायचं, काहीच बोलायचं नाही. बाकी आम्ही लिहू."

विणणारा हात थांबला.

मोतीरामनं हाताचं पीठ झटकलं. मग हळू म्हणाला, "म्याडम, माह्यावर हासा. मले चालते. तो माह्या घरचा माणूस हाये, तो हासासाठी नाई."

"अहो, पण त्यांच्याशिवाय तुमचा भाग होणार नाही."

"तं नका करू जी."

फोन ठेवून तो परातीकडे बघत बसला. टीव्हीचा विषय आता कायमचा संपला, हे आम्हा तिघांनाही कळलं होतं. मग शेवटची भाकर तव्यावर टाकून त्यानं मान वर केली. मी सवयीनं निरोप पोचवायला पुढे सरकलो. पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

"अजी," तो पेरूकडे बघून म्हणाला. "अजी, जेवाले या नं. थंडं होऊन राह्यलं."

माझ्या आईनं वडिलांना जन्मभर दुसरी हाक मारली नाही. बुधाजींनी जाळं बाजूला ठेवलं, "आलो जी," म्हणाले आणि हात धुवायला उठले.