उस्तादांची बोटं तापतात

"तीस तीस टनांचे मालाचे डबे उचलतो मी, बाई! हे पाच-सहा अंश उचलायला असा कितीसा वेळ लागणार?" उस्ताद पहिल्याच दिवशी थेरपिस्ट बाईंना म्हणाले आणि काम फत्ते झाल्यासारखे खुर्चीत रेलून बसले.

गोदीतली सगळ्यांत उंच क्रेन उस्ताद बावीस वर्षं चालवत होते. त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. पण गेलं वर्षभर अर्धशिशीनं त्यांचा पिच्छा पुरवला होता. एकदा वर केबिनमध्येच डोकं असं ठणकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि डबा धक्क्याच्या कडेवर आपटला. खाली कुणाला लागलं नाही, हेच नशीब. कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांना खाली उतरवलं आणि बायोफीडबॅकच्या उपचाराला धाडलं. दुखणं आटोक्यात आल्याचा दाखला मिळाला तरच पुन्हा वर चढायचं!

उपचार ऐकायला सोपा होता. बोटाला एक लहानसा सेन्सर चिकटवायचा, की समोरच्या पडद्यावर बोटाचं तापमान दिसतं. "माणूस ताणात असला की बोटं गार पडतात," बाईंनी समजावलं. "आकड्याकडे बघत अंग सैल सोडायला शिकायचं. बोटं उबदार होऊ लागली की समजायचं, जमतंय. मग डोकंही शांत होत जातं, काका."

आकडा होता चोवीस. उस्तादांनी दात आवळले, कपाळाची शीर फुगवली आणि मनातल्या मनात सगळा जोर लावून लिव्हर ओढला. आकडा तेवीसवर आला!

"काका, ओढू नका. सोडा."

"सोडतोच आहे!" उस्ताद गुरकावले. बावीस.

तीन आठवडे हेच चाललं. चौथ्या मंगळवारी घरातून निघताना त्यांची नजर स्वयंपाकाच्या ओट्यावर गेली. बायकोनं बटाटे उकडून ठेवले होते, वाफाळलेले. उस्तादांनी इकडे तिकडे पाहिलं, एक बटाटा रुमालात गुंडाळला आणि कोटाच्या खिशात टाकला. दवाखाना गल्लीच्या टोकालाच. बाहेरच्या बाकावर नंबर लागेपर्यंत ते खिशात हात घालून बसले.

त्या दिवशी आकडा चौतीस! बाई खुर्चीतून उठल्याच. "काका, केलंत काय?"

"मन मोकळं सोडलं," उस्ताद म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

"आणि डोकेदुखी?"

"आता कुठली डोकेदुखी!" त्यांनी ठोकून दिलं.

पुढच्या मंगळवारीही बटाटा, त्याच्या पुढच्याही. बायकोच्या लक्षात आलंच. "अहो, दर मंगळवारी एक बटाटा कमी कसा भरतो?"

"वाटेत भूक लागते."

"एवढ्याशा गल्लीत?" ती म्हणाली, पण पुढच्या वेळेपासून त्यातल्या त्यात मोठा बटाटा बघून तीच बाजूला काढून ठेवू लागली.

आठव्या आठवड्यात दाखला हातात पडला. सोमवारपासून क्रेनवर! त्या संध्याकाळी मुलगी आणि जावई जेवायला आले. जावई त्याच गोदीत खाली धक्क्यावर उभा राहून क्रेनला खुणा करणारा. "बाबा, नव्या माणसाच्या हाताखाली जीव मुठीत धरून उभा असतो मी," तो म्हणाला. "तुम्ही वर असलात की मान वर करून बघतसुद्धा नाही."

उस्तादांनी आमटीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. दोनच दिवसांपूर्वी न्हाणीघरात दार लावून, कपाळावर ओलं फडकं दाबून ते तासभर बसले होते.

शनिवारी बाईंनी त्यांना पुन्हा बोलावलं. शहरातले डॉक्टर येणार होते. उपचाराला वैतागलेले काही रुग्णही येणार होते. त्यांच्यासमोर उस्तादांनी प्रात्यक्षिक करून दाखवायचं होतं. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? बायकोनं सगळ्यांत मोठा बटाटा थेट उकळत्या पाण्यातून काढून दिला. जावईही कौतुकानं सोबत आला आणि पहिल्या रांगेत बसला.

उस्तादांच्या बोटाला सेन्सर लागला, भिंतीवर भला मोठा आकडा उमटला, आणि मग मोठ्या डॉक्टरांची वाट बघण्यात वीस मिनिटं गेली. हात थंडगार पडला. डॉक्टर आले. आकडा एकवीस. मागे कुणीतरी खाकरलं. उस्तादांचा हात सेन्सरसकट हळूच खिशात गेला.

सव्वीस. एकतीस. पस्तीस! टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एका शिंपीणबाईंनी तर डोळे पुसले. सदतीस. टाळ्या थांबल्या. एकोणचाळीस. एक्केचाळीस!

"आडवं करा यांना!" मोठे डॉक्टर ओरडले. दोन नर्सेस धावल्या. "अहो, मी ठीक आहे!" उस्ताद ओरडत होते.

"तापात बरळतायत. कोट काढा!" कोट खेचला गेला, रुमाल सुटला आणि बटाटा टेबलाच्या काठावरून पडून सगळ्यांच्या समोर फुटला.

डॉक्टरांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. "हे काय आहे?"

"उकडलेला बटाटा, सर," नर्स म्हणाली. "सालासकट."

मागून हसण्याचा फवारा उडाला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हलकेच विचारलं, "काका, डोकं दुखतं?"

"दुखतं."

"कितीदा?"

"आठवड्यातून दोनदा." हे म्हणताना उस्तादांनी जावयाकडे पाहिलं. जावई पांढराफटक पडला होता.

"बाबा," तो एवढंच म्हणाला, "मी खाली उभा असतो."

उस्ताद बावीस वर्षांत एवढ्या उंचीवरून कधी पडले नव्हते. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून दाखला काढला, त्याची घडी नीट केली आणि बाईंच्या हातात दिला. "चूक झाली, बाई. मंगळवारी येऊ का?"

"या," बाई म्हणाल्या. "लोक हसत होते तेव्हा तुम्ही खांदे सैल सोडले होतेत. आठ आठवड्यांत पहिल्यांदा! तिथून सुरू करू."

शिंपीणबाई जाता जाता थांबल्या. "मला वाटायचं, एकट्या मलाच जमत नाही," त्या म्हणाल्या आणि बऱ्याच दिवसांनी मोकळं हसल्या.

आता उस्तादांची बोटं कधी अठ्ठावीसवर जातात, कधी तिशीला टेकतात. हे आकडे मात्र अस्सल. डोकं महिन्यातून एकदा दुखतं, तेव्हा ते घरात सांगतात. दाखला अजून मिळालेला नाही. तोवर ते धक्क्यावर जावयाशेजारी हिरवं निशाण घेऊन उभे असतात. क्रेनवर नवी चालक आली आहे. दोन मुलांची आई, हात अगदी स्थिर! तरी डबा डोक्यावरून जाऊ लागला की उस्ताद वॉकीटॉकी तोंडाशी धरतात.

"डोकं बिकं दुखत नाही ना, ताई?"

पहिल्या दिवशी चार वेळा त्यांनी असं विचारलं. पाचव्या वेळी वरून थकलेला आवाज आला,

"आत्ता दुखायला लागलंय, काका!"