काकांचे बासष्ट किलो

पोती भरायच्या काट्याचा कंट्रोलर सकाळपासून दोन-दोन किलोंच्या उड्या मारत होता, म्हणून मेकॅनिकला बोलावलं होतं. त्याने डबा उघडला, आतली बोटभर धूळ झाडली, सर्किटच्या कार्डावरचा सुटत आलेला सोल्डरचा टाका पुन्हा जोडला, मीटर लावून पाहिलं. आकडे शहाण्या मुलासारखे गप्प बसले. आता फक्त काटा वजनांशी जुळवायचा आणि कामाच्या कागदावर ऑपरेटरची सही घ्यायची. सही न मिळालेले दोन कागद त्याच्या नावावर आधीच होते. तिसरा झाला की फिरती बंद करून त्याला तक्रारींच्या फोनपाशी बसवणार होते. त्या फोनवर काय ऐकावं लागतं हे त्याला ठाऊक होतं. निम्म्या तक्रारी त्याच्याच कामाबद्दल असत.

"प्रमाणित वजनं कुठायत?" त्याने विचारलं.

"मी आहे ना," ऑपरेटरकाका म्हणाले आणि चपला काढून काट्यावर चढले. "बासष्ट. घे जुळवून."

"म्हणजे?"

"वजनं एकदा तपासायला पाठवली, ती परत आलीच नाहीत. तेव्हापासून दरवर्षी माझ्यावरच जुळवतात. वीस वर्षांत गुंजभर फरक नाही."

"पण तुमचं वजन बासष्ट, हे कशावरून?"

"या काट्यावरून!" काकांना त्याच्या शिक्षणाची कीव आली.

मेकॅनिकने काकांच्या पोटाकडे पाहिलं. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली चार जादा भोकं होती आणि ती बारीक माणसाच्या बाजूची नव्हती. तो गाडीतून वीस किलोची तीन वजनं घेऊन आला. काट्याने बावन्न किलो चारशे ग्रॅम दाखवले.

"झिजलीयत तुझी," काका म्हणाले.

"साडेसात किलो? लोखंड आहे काका, साबण नाही."

त्याने काटा साठवर जुळवला आणि काकांना पुन्हा उभं केलं. एकाहत्तर. काका खाली उतरले, खिसे रिकामे केले, परत चढले. एकाहत्तर.

तेवढ्यात कारखान्याचे साहेब आले. साहेब कित्येक महिने बेजार होते. शंभर पोत्यांचा माल काढावा, तर भरायची सत्त्याऐंशीच. चोर पकडायला त्यांनी फाटकावर दोन पहारेकरी वाढवले होते. मेकॅनिकने हिशोब करून दाखवला: पन्नासच्या प्रत्येक पोत्यात सत्तावन्न किलो जात होते.

"तरीच एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही," साहेब हळहळले. "मी समजत होतो, आपला दर्जा."

मग त्यांनी सहज म्हणून स्वतः काट्यावर पाय ठेवला. आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि म्हणाले, "हे जरा परत बघा हो."

पोत्यांची तोंडं शिवणाऱ्या मावशीही चढून पाहून उतरल्या. "चांगला चालता काटा बिघडवला मेल्याने!"

"मी सही करणार नाही," काकांनी हाताची घडी घातली. "सकाळी घरून निघालो तेव्हा बासष्ट होतो. संध्याकाळी बायकोला काय सांगू? मेकॅनिक येऊन गेला म्हणून?"

"काका, काटा खरं तेच सांगतोय."

"त्याला कुणी विचारलं?"

साहेबांनी घसा साफ केला. "पोत्यांचं उत्तम झालंय. त्यात हात घालू नका. पण माणसांच्या बाबतीत काही... सवलत?"

मेकॅनिकने हातातल्या कागदावरच्या सहीच्या कोऱ्या जागेकडे पाहिलं. कानाशी तक्रारींचा फोन वाजल्यासारखा झाला. कंट्रोलरमध्ये निरनिराळ्या मालासाठी वेगवेगळी जुळणी साठवायच्या दहा जागा होत्या. आजवर एकच वापरात होती. त्याने पाच मिनिटं बटणं दाबली.

"एक नंबरवर पोती, दोन नंबरवर माणसं," तो म्हणाला. "फक्त गल्लत करू नका."

दोन नंबर लावून काका चढले. बासष्ट. एक आकडा इकडे ना तिकडे. त्यांनी काट्यावर उभ्याउभ्याच वळणदार सही ठोकली. साहेबांनी खाली शिक्का मारला आणि रांगेत उभे राहिले.

"माझ्यासाठी वेगळा तीन नंबर नाही का रे होणार?" मावशींनी विचारलं. आता त्या त्याला मेला म्हणत नव्हत्या.

सगळे पांगल्यावर मेकॅनिकने वजनं गाडीत टाकली, कागद खिशात ठेवला आणि इकडेतिकडे पाहून हळूच काट्यावर चढला.

"थांब, एक नंबर लावतो," काका पोत्यांआडून पुढे आले.

"राहू दे, काका," मेकॅनिक आकड्यावरची नजर न हलवता म्हणाला. "कशाला उगीच बटणं झिजवायची!"