अण्णांचा टेस्ट मेल

आमच्या ऑफिसात अण्णा मेल पाठवायचे आणि पाठोपाठ स्वतः चालत यायचे. "अक्का, मेल टाकलाय. मिळाला काय?" मी म्हणायची, अण्णा, तोंडानंच सांगितलं असतं तर? त्यावर अण्णा दुखावल्यासारखे बघायचे. "तसं न्हवं. पाठवलेलं पोचलं का न्हाई, हे माणसानं बगाय नको व्हय?"

शिरोलीच्या त्या कारखान्यात मी एक्स्पोर्टच्या टेबलावर नवीन लागले होते. अण्णा मूळचे टपालाचे क्लार्क. ई-मेल आला तेव्हा मोठ्या साहेबांनी हिशेब केला की पत्रं सांभाळणाऱ्या माणसानंच मेल सांभाळावा, आणि अण्णांना आठ दिवसांच्या कोर्सला धाडलं. तिथून अण्णा सर्व्हरचे मालक होऊनच परतले. वरच्या मजल्यावरची जुनी स्टोअररूम त्यांना मिळाली, एसीसकट. चपला बाहेर काढल्याशिवाय आत प्रवेश नाही, आणि खुर्ची एकच, तीही अण्णांची. खंडेनवमीला सर्व्हरला झेंडूचा हार पडायचा.

नियम कडक होते. पासवर्ड दर महिन्याला बदलायचा, बायकोचं नाव चालणार नाही, आणि कुणाला सांगायचा नाही. परचेसचे पाटील दर सोमवारी खालून ओरडायचे, "अण्णा, माझा पासवर्ड काय वो?" अण्णा जिन्यात येऊन तेवढ्याच मोठ्यानं तो सांगायचे आणि वर दम भरायचे, "कुणाला सांगू नगासा!" तोवर तो गेटवरच्या वॉचमनलासुद्धा पाठ झालेला असायचा.

याच पाटलांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका फोटोसकट सगळ्या ऑफिसला मेल केली. मोडेमचे दिवस. त्यात प्रत्येकानं 'अभिनंदन' असं उत्तर सगळ्यांनाच पाठवलं, प्रत्येक उत्तरामागे पुन्हा ती पत्रिका. साडेअकराला सर्व्हर बसला. माझी जर्मनीची ऑर्डर त्या रांगेत अडकली होती, त्यामुळं मीही चिडून वर गेले.

"तारेतनं तांब्याभर पाणी जातंय," अण्णा पाटलांना सुनावत होते, "आणि तुमी आख्खी हीर वतलीसा की वो!" पाटील मान खाली घालून उभे. अण्णांनी रांगेतली एकेक पत्रिका पुसायला घेतली. शेवटची मात्र पुसली नाही. उघडून बोट फिरवत नावं वाचली आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "चुलत्याचं नाव वर घेतलंय. शाणा हाईस, पाटला."

मला तेव्हा काहीच कळलं नाही. कळलं ते पुढच्या महिन्यात. सकाळी माझा मेल जात नव्हता म्हणून वर गेले, तर अण्णा पडद्याकडे टक लावून बसलेले. रोज कामाला सुरुवात करण्याआधी ते बाहेरगावी एक मेल पाठवून बघायचे: 'टेस्ट. मिळाल्यास कळवावे.' नऊच्या चहाआधी उत्तर यायचं: 'मिळाला.' एवढंच. मी विचारलं, हा कोण?

"बसू म्हंत्यात त्याला. धाकटा भाऊ माजा. निपाणीला तंबाकूच्या वखारीत कारकून हाय."

"मग फोन करा की सरळ."

"बोलणं बंद हाय आमचं. तीन वर्सं झाली. त्याच्या पोरीच्या लग्नात पत्रिकेवर माजं नाव मामाच्या खाली छापलं त्यानं. मी जेवलो न्हाई, तसाच उठून आलो."

"अहो, पण रोज मेल चालतोय ना तुमचा?"

"ते बोलणं कुटं हाय, अक्का?" अण्णा गंभीरपणे म्हणाले. "टेस्टिंग हाय ते."

मला हसू आवरेना. पण त्या दिवसापासून नऊच्या सुमाराला वर काही काम काढून जायची मला सवय लागली. 'मिळाला' आला की अण्णा चहा दोन घोट जास्त घ्यायचे.

मग साहेबांनी मेलचं काम पुण्याच्या एका कंपनीकडे दिलं. सर्व्हर तिकडेच राहणार, टेस्टही तेच करणार. अण्णांची नोकरी शाबूत होती, पगारही तोच. तरी अण्णांचा चेहरा पडला. मी म्हटलं, तुम्ही आपला पाठवत जा की रोज, कोण अडवतंय? "काय म्हणून पाठवू?" अण्णा म्हणाले. "कायतरी कारण पायजे की."

शेवटच्या दिवशी त्यांनी लिहिलं: 'टेस्ट. शेवटची. उद्यापासून सर्व्हर पुण्याला. मिळाल्यास कळवावे.'

नऊ वाजले. साडेनऊ. उत्तर नाही. अण्णांनी मोडेम बंद करून चालू केला, वायर काढून पुसली, सर्व्हरवर हात ठेवून बघितला. दहाला टेलिफोनपर्यंत गेले, रिसीव्हर उचलला आणि तसाच ठेवून परत आले. चहावर साय धरली होती. मला फार वाईट वाटलं.

अकराच्या पुढं वॉचमन जिना चढून आला. "अण्णा, पावणं आल्यात."

मागोमाग एक वाळका माणूस आला. नाक थेट अण्णांचं, हातात अजून एसटीचं चुरगळलेलं तिकीट. त्यानं कुणी न सांगता चपला बाहेर काढल्या आणि दारातच उभा राहिला.

"अण्णा," तो म्हणाला, "मिळाला."

अण्णांनी आधी त्याच्या हातातलं तिकीट बघितलं. मग म्हणाले, "मिळाला तर रिप्लाय टाकायचा न्हवं? येवड्या लांब कशाला आलास?"

"पाठवलेला पोचतोय का न्हाई, कुणाला ठावं."

अण्णांनी खुर्ची पुढं सरकवली. ती खुर्ची आजवर साहेबांनासुद्धा मिळाली नव्हती. मी खाली निघून आले.

थोड्या वेळानं वरून कानडीत, म्हणजे त्यांच्या घरच्या भाषेत, दणदणीत भांडण ऐकू यायला लागलं. मला कानडी येत नाही, पण 'पत्रिका' आणि 'मामा' हे शब्द चार-चारदा आले. मग हसणं ऐकू आलं, मग डब्याची झाकणं. त्या दुपारी मेल दोन तास बंद होता. खाली सगळ्यांची कामं अडली, पाटील तर पासवर्डसुद्धा विसरले. पण तक्रार घेऊन वर कुणीच गेलं नाही.