बर्फाचं माझ्याकडे लागलं

"बर्फाचं माझ्याकडे लागलं," असं मी त्या दिवशी म्हणालो नसतो, तर माझं लग्न चारचौघांसारखं झालं असतं आणि चारचौघांच्या लग्नासारखंच लोक ते विसरूनही गेले असते. पण माणसाला होणाऱ्या सासऱ्यासमोर बसवलं, की त्याच्या तोंडून काहीतरी उदार बाहेर पडतंच. (मला तर चहाबरोबर उकडलेल्या शेंगाही दिल्या होत्या. खाल्ल्या मिठाला जागायला नको?)

तेव्हा मी सोलो शहरातल्या कॉलेजात शिकत होतो. घर समुद्रापलीकडे, बांजारमासिनला. घरून येणारी मनीऑर्डर महिन्याच्या मध्यावरच धापा टाकायला लागायची. लास्त्री माझ्याच वर्गात. तिचं गाव क्लातेनच्या बाजूला, बसनं तासाभरावर. सगळं गाव कागदी छत्र्या करणारं. कुठल्याही अंगणात डोकावावं तर लाल-पिवळ्या छत्र्या उन्हात पाठ शेकत पडलेल्या. दर शनिवारी मी तिला सायकलवर मागे बसवून घरी सोडायचो. बसचे पैसे वाचतात, असं मी सगळ्यांना सांगत असे. (तेवढ्या वाटेला आम्हांला अख्खी दुपार कशी लागते, ते मात्र कोणी विचारत नव्हतं.)

विचारलं ते तिच्या वडिलांनी, विर्योकाकांनी. लास्त्रीची आई ती लहान असतानाच गेलेली. पोरीला त्यांनी एकट्यानं वाढवलं होतं. माणूस इतका हळू आणि गोड बोलायचा, की आपल्याला झापलंय हे आपल्याला घरी गेल्यावर कळायचं.

"सायकल चांगली आहे," ते म्हणाले.

"जुनीच आहे, काका."

"पण मजबूत आहे. दोघांचं वजन पेलते. गावातल्या लोकांनाही फार आवडलीय. येता-जाता सगळे विचारतात मला."

मी खूश होऊन लास्त्रीकडे पाहिलं. ती कपाळाला हात लावून बसली होती. निघताना फाटकापाशी तिनं मला समजावलं, "रुस्दी, बाबांनी आत्ता तुला लग्नाची तारीख विचारली."

त्या गावचं बोलणं हे असं. मी तिथे राहून, तिथली भाषा शिकून, तिथल्या मुलीच्या प्रेमात पडूनही माझ्या डोक्यात हे शिरलं नव्हतं. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ तेच.

तर लग्न ठरलं. दोघंही विद्यार्थी, खिसे दोघांचेही फाटके. मग काटकसरीला सुरुवात झाली. मांडवाचे बांबू शेजारचे. खुर्च्या गावकीच्या. वाजंत्रीच्या जागी कॅसेट. माझे कपडे भाड्याचे, आणि भाड्याचे कपडे एकाच मापाचे असतात. ते माप माझं नव्हतं. जहाजाचं भाडं परवडेना म्हणून माझे आईवडीलही येणार नव्हते. त्यांच्या जागी मांडवात आमच्या खानावळीची मालकीण आणि तिचा नवरा बसणार होते. (ती बाई त्या दिवशी माझ्याकडे पहिल्यांदाच मायेनं पाहत होती. मला उगाच भूक लागल्यासारखं झालं.)

विर्योकाकांनी या कशालाच हरकत घेतली नाही. त्यांची इच्छा एकच होती.

"आयुष्यभर मी सगळ्यांच्या मांडवात जेवलोय," ते म्हणाले. "माझ्या मांडवात माणसं खुर्चीवर बसतील. ताट हातात मिळेल, एकेक पदार्थ क्रमानं येईल. एकही माणूस उपाशी जाता कामा नये. बाकी काही नसलं तरी चालेल."

एवढ्यासाठी त्यांनी छत्र्यांकरता राखून ठेवलेला उत्तम बांबू विकून टाकला होता. स्वयंपाकाचं शेजारणींनी उचललं, लास्त्रीची सारीनेममावशी त्यांची म्होरकी. वाढायला गावातली पोरं. राहता राहिला फणसाचे गरे, कोवळं खोबरं आणि पाक घातलेला बर्फ. तिथे गणित अडलं. आणि मी शेंग तोंडात टाकून ते ऐतिहासिक वाक्य बोललो.

विर्योकाकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मुला, तुझा बर्फ माझ्या मांडवाची शोभा," ते म्हणाले. आता या वाक्यानंतर कोण मागे हटणार?

लग्नाआधी महिनाभर मी एका तांदूळवाल्याच्या तीन महामूर्ख मुलांना गणित शिकवलं. त्या पैशातून बर्फाच्या कारखान्यातून लाद्या घेतल्या, भाताच्या तुसात पोत्यात गुंडाळल्या आणि पहाटे टेम्पोत घालून गावात पाठवल्या. सोबत वसतिगृहातला माझा दोस्त तोगार. हा सुमात्राच्या डोंगरातला गडी. कुजबुजला तरी दोन घरं पलीकडे ऐकू जायचं. बर्फखातं त्याच्याकडे, आणि हाताखाली आमच्याच वसतिगृहातली पोरं. म्हणजे मुलाकडचं एक स्वतंत्र खातंच म्हणा ना.

आता एक कबूल करायला हवं. सोलोत मी लग्नं काही कमी जेवलो नव्हतो. पण कशी? विद्यार्थी जसे जेवतात तशी. बरा शर्ट घालायचा, शेवटच्या रांगेत बसायचं, भाताचं ताट साफ करायचं आणि कोणी "तुम्ही कोणाकडचे?" विचारायच्या आत मागच्या बाजूनं पसार. भातानंतर तिथे काय होतं, हे पाहायला आमच्यापैकी एकजणही कधी थांबला नव्हता.

लग्नाचा विधी सकाळी नीट पार पडला. मग आम्हांला मांडवातल्या उंच कोचावर बसवलं. डोक्यावर घट्ट पगडी, कमरेला पावलं जखडणारं बाटिक, पाठीत खोचलेली कट्यार, त्यामुळे टेकायची सोय नाही. शेजारी लास्त्री, केसांत मोगऱ्याच्या माळा, इतकी सुंदर दिसत होती की मला तिच्याशी बोलायची भीती वाटायला लागली. पलीकडे विर्योकाका, ताठ, हसरे. सगळं गाव खुर्च्यांवर येऊन बसलं. चहा फिरला, केळीच्या पानातला खाऊ फिरला.

आणि मग काहीच फिरेना.

मागे सारीनेममावशीची लाकडं ओली निघाली होती. धूर मांडवापर्यंत येत होता, भात मात्र येत नव्हता. सूपही चुलीवरच. पाहुणे शांत. त्या गावात दोन तास थांबावं लागलं तरी माणूस फक्त हसून पंखा हलवतो. मी मात्र दुसरीकडेच बघत होतो. मांडवाच्या कडेला बर्फाची पोती होती आणि त्यांच्याखालून पाण्याची एक धार निघून अंगणातून थेट माझ्या दिशेनं येत होती. माझं महिन्याचं गणित, त्या तीन महामूर्खांसकट, डोळ्यांदेखत वाहून चाललं होतं.

मी तोगारला खुणेनं बोलावलं. "अरे, बर्फ वितळतोय."

"मग काय करू? फुंकर घालू?"

"वाटून टाक. लोक घामानं भिजलेत. आधी गार, मग जेवण. आमच्या बांजारमासिनला पाहुणा आला की आधी थंडच देतात."

"सासऱ्यांना विचारायचं का?"

"बर्फ कोणाचा आहे?" मी म्हणालो. (हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.)

माझे दोस्त बर्फाचे पेले घेऊन फिरायला लागले. विर्योकाका तेव्हा खानावळीच्या मालकिणीशी अदबीनं बोलत होते. ते वळले तोवर सगळ्यांच्या हातात पेला होता. पाहुण्यांनी पेल्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान लववून "घ्या, घ्या" म्हणालो. सगळ्यांनी मुकाट्यानं बर्फ खाल्ला, पेले खुर्चीखाली ठेवले आणि सगळं गाव एकदम उठून उभं राहिलं.

"हे काय?" मी विचारलं.

"बर्फ कोणी सोडला?" लास्त्री ओठ न हलवता म्हणाली.

"मी. उकडत होतं ना."

"रुस्दी, बर्फ आला म्हणजे 'आता या' असं सांगितलं. आपण आत्ता सगळ्या गावाला हाकलून दिलं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तोवर रांग कोचापर्यंत पोचली होती. आता त्यांना थांबवावं, तर उठलेल्या माणसाला 'बसा' म्हणणं म्हणजे 'तुम्ही चुकीचे उठलात' असं तोंडावर सांगणं. तेही त्या गावात बसत नव्हतं. एकेकजण हात मिळवत पुढे सरकत होता.

"फार सुंदर झालं लग्न."

"पोट अगदी भरलं हो," गावप्रमुख हारजो म्हणाले, आणि त्याच क्षणी त्यांचं पोट इतक्या मोठ्यांदा गुरगुरलं की त्यांच्या बायकोनं खोकून घेतलं.

विर्योकाका प्रत्येकाला वाकून "गोड मानून घ्या" म्हणत होते. हसू तसंच, पण त्याच्यामागे माणूस नव्हता. शेवटचा पाहुणा गेला. आणि तेवढ्यात मागून सारीनेममावशी, हातात वाफाळता डाव घेऊन, मोकळ्या खुर्च्यांसमोर येऊन उभी राहिली.

"भात झाला," ती म्हणाली. मग तिनं मांडवाकडे पाहिलं आणि डाव खाली केला.

विर्योकाका कोचावरून उतरले आणि एकेक खुर्ची सरळ करायला लागले. सरळ असलेल्या खुर्च्यासुद्धा. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी आयुष्यभर ऋणी राहिलो असतो. त्या पाठमोऱ्या माणसाकडे पाहून मला रडू आलं, आणि रडायला लागलो तर पगडी डोळ्यांवर घसरली.

"रडायचं नंतर बघू," लास्त्री म्हणाली. "सायकल काढ."

सारीनेममावशीनं भात, कोंबडी, सुकी भाजी केळीच्या पानांत बांधून दिली. मी बाटिक गुडघ्यापर्यंत खोचलं, कट्यार तोगारच्या हातात दिली, आणि नवरी मांडीवर टोपली घेऊन मागे बसली. मागून वसतिगृहाची पोरं बाकीच्या टोपल्या घेऊन धावत. असे आम्ही घरोघर जेवण वाटत निघालो. भर दुपारी गावातली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबून बघत होती.

"अगं, कशाला एवढा त्रास?" प्रत्येक घरी तेच. "आम्ही तर जेवूनच आलो." आणि आतून कढईत अंडं टाकल्याचा आवाज.

शेवटी गावप्रमुखांचं घर आलं. हारजो दारातच ताटलीत कोरडा भात घेऊन बसले होते. आम्हांला पाहून ताटली त्यांनी धोतरासारख्या वस्त्राच्या घोळात लपवली.

"विर्यो जेवला का?" त्यांनी विचारलं.

"नाही," लास्त्री म्हणाली. "खुर्च्या लावताहेत." एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं.

त्यांनी पानाचं पुडकं हातात घेतलं, थोडा वेळ तसंच धरलं, मग चपला पायांत सरकवल्या. "जरा पाय मोकळे करून येतो," ते आतल्या बायकोला म्हणाले.

आम्ही परत पोचलो तेव्हा मांडवात सहासात माणसं होती. प्रत्येकाच्या हातात न सोडलेलं पुडकं. "सहज इकडून चाललो होतो," एकजण म्हणाला. "घरी जरा उकडतं," दुसरा म्हणाला. बघता बघता अर्धं गाव सहज इकडून चालू लागलं. माणसं आपापल्या आधीच्याच खुर्चीवर बसली. झालं ते कोणी बोललं नाही. आणि विर्योकाकांनी अंगातला लग्नाचा काळा कोट न काढता सुपाची वाटी प्रत्येकाच्या हातात स्वतः दिली. माझ्या खानावळीच्या मालकिणीनं दोनदा मागून घेतलं. असं जेवण मी पुन्हा कुठे जेवलो नाही.

मग मात्र नवीनच पेच पडला. जेवणं झाली आणि कोणी उठेचना. उठणार कसं? बर्फ संपला होता. बर्फ आल्याशिवाय निघायचं म्हणजे यजमानाचा अपमान. माणसं बसली, पानसुपारी झाली, जुन्या गोष्टी निघाल्या. सारीनेममावशी तिच्या स्वतःच्या लग्नात नवरा कसा हरवला होता ते सांगताना हसून हसून खुर्चीवरून पडली. सावल्या लांबल्या, छत्र्या आत गेल्या, तरी गाव जागचं हलेना.

शेवटी विर्योकाका माझ्यापाशी आले, वाकले, आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "जावईबापू, थोडासा बर्फ मिळेल का?"

आधी ते हसले, मग सगळा मांडव हसला. तोगारनं पोत्याच्या तळातला मुठीएवढा तुकडा काढून आणला. विर्योकाकांनी तो ताटलीत ठेवून पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना नुसता दाखवला. तेव्हा कुठे माणसं उठली.

विर्योकाकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गावात छत्र्या करणारी घरंही दोनचारच उरलीत. मागच्या महिन्यात माझ्या मुलीचं लग्न झालं, सोलोतच, मोठ्या हॉलमध्ये. क्रम तोच, खुर्च्या तशाच. त्या उंच कोचावर वधूपिता म्हणून बसलो तेव्हा मला त्यांची फार आठवण आली. उकडतही होतं. मी जवळच्या वाढप्याला बोलावून घोटभर गार पाणी मागितलं.

तो मुलगा जागचा हलला नाही. त्यानं आधी लास्त्रीकडे पाहिलं. लास्त्रीनं सगळ्या हॉलवर एकवार नजर फिरवली, कोणाकोणाचं जेवण राहिलंय ते पाहिलं आणि मग मान हलवली. पाणी आलं. कोमट होतं.