धुवायचं आणि न धुवायचं

सासूबाईंच्या हाती लागू नये म्हणून रेणूने खोबरेल तेलाची बाटली माळ्यावर, पापडाच्या डब्यामागे लपवली होती. शाळेच्या संमेलनात तिच्या लेकीच्या, रुचीच्या वर्गाचा धानाच्या मळणीचा नाच होता आणि मुलींच्या मोकळ्या केसांची जबाबदारी मॅडमने तिच्यावर टाकली होती. फुलचूरला राहायला आल्यापासून तिला कुणी काही सोपवलं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

सासूबाई, देवकाबाई, दारातून बघत होत्या. "काऊन वो, पोरीच्या केसाले दही लावून राहिली का?"

"कंडिशनर आहे, आई."

मग रेणूने न विचारलेलंही समजावून सांगितलं. एक असतं अंघोळीत लावून धुवून टाकायचं, दुसरं ओल्या केसांना लावून तसंच ठेवायचं, आणि तिसरं दाट, लेपासारखं, कधीमधी लावायचं. हे सगळं तिने मोबाईलवर वाचून पाठ केलं होतं. नाचातल्या सगळ्या मुलींच्या घरी तिने न धुवायचं कंडिशनर ग्राइप वॉटरच्या रिकाम्या बाटल्यांत भरून पोहोचवलं होतं. वर ताकीद, की भरपूर लावा आणि नंतर पाण्याचा थेंब लागू देऊ नका.

शाळेच्या पटांगणात पोहोचली तर एकाही मुलीचे केस सुकलेले नव्हते. चिकट बटा नुसत्या लोंबत होत्या. रेणूने एक बट नाकाशी नेली. बदाम! म्हणजे हे धुवायचं; न धुवायच्याला तर गुलाबाचा वास होता. भरताना अदलाबदल तिच्याच हातून झाली होती, आणि गुलाबाचं सकाळी तिने स्वतःच्या डोक्याला लावून बादलीभर पाण्याने धुवून टाकलं होतं.

ती नळाकडे धावली. नळ कोरडा. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या राइस मिलमधून भुसा उडायला लागला आणि वारा नेमका इकडचा. एरवी भुसा झटकला की जातो. आज बसला तो बसलाच.

"भाभी, झटकू नका," एकीची आई म्हणाली, "और चिपकून राहिला."

नाच सुरू झाला तेव्हा रेणू शेवटच्या रांगेत, ओढणी डोक्यावरून घेऊन, मान खाली घालून बसली होती. टाळ्या ऐकूनही तिने वर पाहिलं नाही. मग माइकवरून बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांचा आवाज आला, "बाकीच्या पोरी नटून आल्या. ह्या थेट खळ्यावरून आल्या." पहिलं बक्षीस! मॅडमने रेणूला हाताला धरून स्टेजवर नेलं.

"सर, ते खरं म्हणजे चुकून..." रेणू माइकसमोर पुटपुटली.

"पाहा, मोठेपणा घेत नाही," पाहुणे म्हणाले. पुन्हा टाळ्या. आता खरं बोललं तरी कुणी ऐकणार नव्हतं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. नाच आता तालुक्याला जाणार, आणि मुलींचे केस हुबेहूब तसेच हवेत, जबाबदारी रेणूचीच. "हो मॅडम," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

देवकाबाई रुचीच्या केसांना तेल चोळून एकेक तूस वेचत होत्या. बाटली त्यांनी केव्हाच माळ्यावरून काढली होती. सुनेच्या चेहऱ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "मंग आता भुसाबी भरून देशील का वो, त्याच ग्राइप वॉटरच्या बाटल्यांत?"